न्हाईबाईंचं एक ‘हो’

न्हाईबाईंचा फोन वाजला की समोरच्या माणसाचं ‘हॅलो’ पुरं व्हायच्या आत इकडून शब्द जायचा, “न्हाई.” आधी न्हाई, मग “बोला, काय काम हाय?” नवा माणूस गडबडायचा, राँग नंबर लागला समजून फोन ठेवून द्यायचा. जुनी गिऱ्हाइकं मात्र हसायची. “बाई, आधी मागू तरी द्या की!” “मागा ना. मागायला कोण नको म्हणतंय,” असं म्हणत त्या पेन उघडायच्या. त्यांचं खरं नाव शकुंतला, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. जालन्यात नव्या मोंढ्याच्या बाजूला पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. तिथं शेटजींपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे त्यांना न्हाईबाईच म्हणत. आता तो फोन मी उचलते. उचलल्यावर तोंडातून शब्द काढायच्या आधी क्षणभर थांबायची सवय लागलीय मला. कुणाच्या शब्दासाठी थांबते, ते माझं मला माहीत.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शेटजींनी एक मोठा सर्व्हर घेतला होता. कपाटाएवढं यंत्र, दिवसरात्र घूं करणारं, एसीच्या खोलीत ठेवलेलं. त्या एका यंत्रात सॉफ्टवेअरच्या भिंती घालून छोटे छोटे सर्व्हर केलेले आणि ते जिल्ह्यातल्या लोकांना भाड्यानं दिलेले. कापसाचे जिनिंगवाले, दूध डेअरी, क्लासेस, बियाणं तपासणारी प्रयोगशाळा. प्रत्येकाला वाटायचं, आपलं स्वतंत्र यंत्र आहे. इंग्रजीत या आतल्या सर्व्हरला गेस्ट म्हणतात. न्हाईबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं मराठी करून टाकलं, पाव्हणा. मला त्या काकू म्हणायच्या. “काकू, डेअरीचा पाव्हणा झोपलाय बघा, उठवा.” “क्लासवाला पाव्हणा लई खाऊन राह्यला आज.” मी दहावी शिकलेली. बिलं टाइप करायला म्हणून लागले आणि या बाईच्या पाव्हण्यांची उठबस करता करता सर्व्हर सांभाळायला शिकले. माझं कॉलेज म्हणाल तर तेच.

पाव्हणे सारखं काहीतरी मागायचे. ‘जादा परवानगी द्या’ हे मागणं आठवड्यातून दोनदा तरी यायचं. बाईंनी मला ते एकदा चहा पिता पिता समजावलं होतं. “काकू, घर एकच हाय. पाया एक, छप्पर एक. मधल्या भिंती पत्र्याच्या. पाव्हण्याला त्याच्या खोलीत राजासारखं ठेवू आपण. पण पूर्ण परवानगी दिली की आतला मालक तो बाहेरचाबी मालक होतो. त्याच्या खोलीचं दार त्यानं उघडं टाकलं तं चोर काही त्याच्याच खोलीत बसून राहणार न्हाई.” मी विचारलं, मग अशी परवानगी यंत्रात ठेवलीच कशाला? तर म्हणाल्या, “गरज पडते ना. काही कामं त्याच्याबिगर होतच न्हाईत. म्हणून तं विचारायचं, कशाला पाहिजे? तीनदा विचारायचं. तिसऱ्या वेळी माणूस खरं सांगतो.”

त्या नुसत्या अडवणूक करायच्या असं कुणाला वाटेल, तर तसं बिलकूल नव्हतं. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं. एक छोटी वस्तू यंत्राला खोचली तरच ते चालायचं. लायसनचा डोंगल म्हणतात त्याला. तिथले साहेब म्हणाले, “सगळी परवानगी देऊन टाका बाई, पाच मिनिटांचं काम हाय.” बाई म्हणाल्या, न्हाई. आणि चार दिवस खपून त्यांनी तेवढी एकच खोच त्या पाव्हण्याला दिसेल, बाकी काही दिसणार नाही, अशी सोय केली. पाच मिनिटांच्या जागी चार दिवस. साहेब चिडले, शेटजीही चिडले. “ऐसे तो सब गिऱ्हाईक भाग जाएगा!” शेटजी रागावले की हिंदीवर यायचे. बाई शांतपणे म्हणाल्या, “पळंल तो एक पळंल, शेटजी. बाकीचे शाबूत राहतील.”

त्या घड्याळाची गोष्ट तर ऑफिसात कित्येक वर्षं चालली. बाई रजेवर होत्या तेव्हा एका क्लासवाल्या सरांनी परीक्षेसाठी आपल्या सर्व्हरची वेळ बदलायची परवानगी मागितली. एवढीशी तर गोष्ट, म्हणून मी देऊन टाकली. सरांनी त्यांचं घड्याळ मागं नेलं, आणि घड्याळ सगळ्या घराचं एकच, म्हणून सगळ्यांचंच मागं गेलं. डेअरीत सकाळी घातलेलं दूध आदल्या संध्याकाळच्या पावतीवर उतरलं. गवळी भांडायला आले. जिनिंगवर गाड्या आत यायच्या आधीच बाहेर पडल्याचं दिसू लागलं. बाई परत आल्यावर मी रडकुंडीला आले, तर त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की पदरानं डोळे पुसावे लागले. मग हसू आवरून म्हणाल्या, “काकू, नशीब समजा घड्याळच मागितलं व्हतं.” ते ऐकून मीही हसले होते.

घरीही त्या अशाच. नवरा लवकर गेला, तेव्हा दिरांनी घराच्या कागदावर सही मागितली. न्हाई. माहेरच्यांनी म्हटलं, पोरीला घेऊन इकडं ये. न्हाई. रेणुका ही एकुलती एक लेक. ती लहान असताना बिस्किटाचा दुसरा पुडा मागायची, तेव्हाही आधी न्हाईच. पण रेणुकाला न्हाई म्हटलं की त्या मान वळवायच्या, तिच्या तोंडाकडं बघायच्या नाहीत. बघितलं की न्हाई टिकत नाही, हे त्यांना माहीत होतं.

आमच्या पाव्हण्यांत एक मुक्याबहिऱ्या मुलांची शाळा होती, बदनापूरकडची. तिथल्या मॅडम प्रत्येक मुलाचा पहिला शब्द रेकॉर्ड करून ठेवायच्या. दोन-दोन वर्षं शिकवल्यावर पोर एकदाचं ‘आई’ म्हणतं, ते पाच-सहा सेकंदांचं. आईबापांना मोबाइलवर ते पान उघडून ऐकता यायचं. त्यांच्यात जाफराबादकडच्या एका गावच्या कडूबाई होत्या. त्यांची मुलगी आरती. ‘आई’ म्हणायला शिकली आणि त्याच वर्षी तापानं गेली. कडूबाईंकडं दुसरं काही नव्हतं, आवाज होता फक्त. मोबाइलवर ते पान अडकलं की त्यांचा ऑफिसात फोन यायचा. “बाई, आरती उघडंना.” त्या एका नंबराला न्हाईबाई न्हाई म्हणायच्या नाहीत. “उघडते हां. पान खाली वढा. आता दाबा.” आणि तिकडून तो बारीक घोगरा आवाज आला की दोघी फोन ठेवायच्या.

रेणुकाचं लग्न परतूरला झालं. जावई चांगला मुलगा, हसरा, हुशार. आडतवाल्यांची कॉम्प्युटरची कामं करायचा, आणि त्याचाही सर्व्हर आमच्याच यंत्रात. आता आमच्याकडं जावयाला काय म्हणतात? पाव्हणेच. ऑफिसात त्यावरून रोज थट्टा चालायची. “बाई, कोणता पाव्हणा आलाय, खोलीतला का घरातला?” बाई लाजायच्या. हो, न्हाईबाई लाजायच्या!

लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला बोलावून जेवू घालायचं, वाण द्यायचं. मी सकाळपासून बाईंच्या घरी होते, पुरण घालून धोंडे वाफवायला. पाट मांडला, रांगोळी काढली, चांदीचा दिवा आणला होता बाईंनी. जावई पाटावर बसले, शेजारी त्यांच्या आई, आमच्या विहीणबाई. विहीणबाईंच्या जिभेला धार होती. म्हणाल्या, “आज मागून घे रे बाबा काय पाहिजे ते. तुझ्या सासूच्या तोंडात एकच शब्द असतो म्हणं.” सगळे हसले. बाईही हसल्या.

जावई म्हणाले, “मला अंगठी-बिंगठी काही नको मामी. माझ्या सर्व्हरला पूर्ण परवानगी द्या. आजच्या आज.”

बाईंच्या हातातली वाढणी तिथंच थांबली. “नेमकं काय अडून राह्यलं ते सांगा ना पाव्हणे. तेवढं खोलून देते.”

“ते शोधायला चार दिवस लागतील. उद्यापासून आडतीचं काम चालू करायचंय, अन् नवं सॉफ्टवेअर त्याच्याबिगर बसूनच न्हाई राह्यलं. लोकांला शब्द देऊन आलोय मी.”

“घ्या!” विहीणबाई म्हणाल्या. “पोरानं सोनं मागितलं असतं तं दिलं असतं. बिनपैशाची वस्तू मागितली, तं मालकीणबाई विचारात पडल्या.”

रेणुका तुपाची वाटी घेऊन उभी होती. खाली फरशीकडं बघत होती. बाईंनी या वेळी मान वळवली नाही, लेकीच्या तोंडाकडं सरळ बघितलं. आणि “आले,” म्हणून आत आल्या.

स्वयंपाकघरात त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. आता जे लिहिते आहे ते मी आजवर कुणाजवळ बोलले नव्हते, एका बाईचा अपवाद सोडून. मी म्हणाले, “अगं, दे.” इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच अगं म्हणाले. “दे ना. लेकीचं घर हाय ते. आठ दिवसांनी काढून घे.”

“काकू, मी काय देऊन राह्यले ते माहीत हाय ना तुम्हाला?”

“माहीत हाय.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, “मंग तुम्हीच टाइप करा. माझे हात भरलेत.”

हात पुरणानं भरले होते, खरंच. पण नळ हातभर अंतरावर होता. त्यांनी हात धुतले नाहीत आणि मीही धुवा म्हणाले नाही. शेल्फावरचा लॅपटॉप काढला, ओट्यावरचं पीठ पुसलं आणि एक ओळ टाइप केली. एकच ओळ. त्या तोवर पातेल्यात बघत होत्या. मग बाहेर जाऊन म्हणाल्या, “दिली, पाव्हणे.” विहीणबाईंनी टाळी वाजवली. रेणुकानं वर बघितलं आणि हसली. तिचं ते हसू बघून मला वाटलं, केलं ते बरंच केलं.

आठ दिवसांनी मी विचारलं, “काढायची का?” बाई म्हणाल्या, “वाण दिलंय काकू. दिलेलं वाण परत कोणत्या तोंडानं मागू? महिना सरू द्या.” महिना सरला. तोवर रेणुकाला दिवस गेल्याचं कळलं. “आता तिथं काही बोलणं नको. डोहाळजेवण होऊ द्या.” मधल्या काळात त्या जावयासाठी एक वेगळं यंत्रच तयार करत होत्या, जुन्या कॉम्प्युटरवर, म्हणजे परवानगी काढून घ्यायलाच नको, नवं घर दिलं असं म्हणता येईल. अर्धं झालंही होतं ते. रोज सकाळी आल्या आल्या त्या आधी जावयाच्या पाव्हण्याकडं बघायच्या. बराबर चाललंय ना. चहा नंतर.

एका सोमवारी सकाळी आम्ही कुलूप उघडून आत गेलो, तर पडद्यावर इंग्रजीत धमकीची चिठ्ठी होती. सगळ्या पाव्हण्यांच्या सगळ्या फायली कुणीतरी बंद करून टाकलेल्या. बाई खुर्चीवरसुद्धा बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच नोंदी वाचत गेल्या. चोर जावयाच्या खोलीतून आला होता. जावयानं पासवर्ड ठेवला होता बायकोचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. पुढचं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आतला मालक तो बाहेरचाबी मालक. जोडून ठेवलेल्या बॅकअपच्या डिस्कवरही तो हिंडून आला होता.

बऱ्याच जणांचं परत मिळालं. आठवड्याची एक प्रत शेटजींच्या घरी असायची. डेअरी उभी राहिली, जिनिंगवाले उभे राहिले. पण आवाजाच्या फायली फार जागा खायच्या, म्हणून त्या आम्ही त्या प्रतीत घेत नव्हतो. तेही आम्ही दोघींनीच ठरवलेलं. शाळेच्या मॅडमकडं काही मुलांचे आवाज सापडले, काहींचे पुन्हा रेकॉर्ड करता आले. पोरं होती, पुन्हा बोलली.

फोन तिसऱ्या दिवशी आला. “बाई, आरती उघडंना.” बाईंनी फोन कानाला धरून ठेवला. “बघते,” एवढंच म्हणाल्या. त्या आठवड्यात कडूबाई स्वतः आल्या, आधी जीप, मग एसटी. मोबाइल पदराच्या गाठीत बांधलेला. बाईंच्या समोर बसून विचारलं, “म्हंजे, आता ऐकाया येणार न्हाई का?”

मी वाट बघत होते. जो शब्द ही बाई दिवसातून पन्नासदा उच्चारायची, तो आता तोंडातून निघेना. ओठ हलत होते. शेवटी त्या उठल्या आणि कडूबाईंसाठी पाणी आणायला गेल्या. पाणी घेऊन आल्या तेव्हा कडूबाई जिना उतरत होत्या.

शेटजींना बाईंनी सांगितलं, चूक माझी. ना माझं नाव घेतलं, ना जावयाचं. मी बोलायला गेले तर टेबलाखालून पाय दाबला माझा. मग त्यांनी नोकरी सोडली. जावई कळल्यावर धावत आले, दारातच उभे राहिले. “मामी, ते माझ्यामुळंच...” बाई म्हणाल्या, “पाव्हणे, उन्हातून आलात. आधी बसा. चहा ठेवते.” ते पुन्हा सुरू करायला लागले की त्या पुन्हा साखर विचारायच्या. त्यांनी ते वाक्य कधी पुरं होऊच दिलं नाही. घरी फोन वाजला तर आता नुसतं “बोला” म्हणायच्या. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, राँग नंबर लागला.

सर्व्हरमधली एक डिस्क चोरी व्हायच्या कितीतरी आधी बंद पडली होती. आम्ही काढून कपाटात टाकली होती. शाळेचे आवाज एके काळी तिच्यावर होते. बाई ती मागून घरी घेऊन गेल्या आणि दुपारभर तिच्यापुढं बसू लागल्या. बंद पडलेली डिस्क कण कण वाचावी लागते. कधी दिवसभरात काही मिळत नाही, कधी भलत्याच्याच दुधाच्या पावत्या मिळतात. मी गेले की म्हणायच्या, “आज एक पोर खोकललं, काकू. कुणाचं माहीत न्हाई.” नातू मांडीवर, कानाला हेडफोन. तब्येत उतरत चालली होती. मी एकदा म्हणाले, पुरे करा आता. त्यांनी हेडफोन काढला न् मला म्हणाल्या, “न्हाई.” किती दिवसांनी ऐकला तो शब्द! मला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

शेवटी दवाखान्यात त्या माझ्याशी या विषयावर एकदाच बोलल्या. “काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही दे म्हणाल्या म्हणून न्हाई दिलं मी. मला द्यायचंच व्हतं. तुम्ही म्हणाल्या, बरं झालं, एवढंच.” असं म्हणून त्यांनी माझं ओझं उतरवलं असं त्यांना वाटलं असेल. उतरलं नाही ते. त्यांच्या दहाव्यानंतर रेणुकानं ती डिस्क मला आणून दिली. कुठवर वाचून झालं ते बाईंनी चिकटपट्टीवर लिहून ठेवलं होतं, त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात. तिथून पुढं मी सुरू केलं.

मला सापडली ती चार सेकंदं. मी मॅडमना ऐकवली, त्या म्हणाल्या, हो, हे आरतीचंच, हा माझा आवाज आहे. मी कडूबाईंना निरोप पाठवला. त्या आल्या, खुर्चीवर टेकल्या. लावायच्या आधी मी त्यांना सगळं सांगितलं. धोंड्याचं जेवण, जावयाचं मागणं, ओट्यावरची ती एक ओळ, आणि ती कुणाच्या हातानं टाइप झाली ते. यंत्राचं त्यांना किती कळलं कोण जाणे. खिडकीबाहेर बघतच त्या म्हणाल्या, “जावयाला कोण न्हाई म्हणतंय बाई.”

मी आवाज लावला. खुर्ची सरकल्याचा आवाज. बांगड्या. मॅडम म्हणतात, “आरती, इकडं बघ माझ्याकडं. म्हण, आ...” आणि तिथं फाइल तुटते. पुढं काही नाही.

“ह्याच्या पुढचं सापडलं नाही हो,” मी म्हणाले.

“परत लावा,” त्या म्हणाल्या.

मी परत लावलं. खुर्ची, बांगड्या, मॅडमचा आवाज, मग काहीच नाही. मी बंद करायला हात पुढं केला, तर कडूबाईंनी तो धरला. मान थोडी कलती करून त्या पुढच्या शांततेकडं कान देऊन बसल्या होत्या, एका शब्दाला लागतो तेवढा वेळ. मग त्यांनी माझा हात सोडला.

“झालं तिचं म्हणून,” त्या म्हणाल्या. “आता करा बंद.”